झोंगखाचा तास

"मिस, यो के अक्षर हो?"

जानेवारी २०१०. पिट्सबर्गच्या दक्षिणेला एका उपनगरातली छोटीशी लायब्ररी. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हीटरची घरघर. आईने कोल्हापूरहून पाठवलेला दिवाळी अंक माझ्या पिशवीतून डोकावत होता. समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने तो ओढून घेतला, मधलंच पान उघडलं आणि चक्क वाचायला लागला. अर्थ निम्मा-अर्धा कळत असेल नसेल, पण वाचन खडखडीत. मग एका शब्दापाशी गाडी अडली. बोट 'ळ' वर.

नेपाळीत 'ळ' नसतो हे मला तेव्हा कळलं. मी दोन-तीनदा म्हणून दाखवला. तो आधी 'ल' म्हणाला, मग 'ड' म्हणाला, मग नाद सोडून हसला. मी इंग्रजी शिकवायला गेले होते आणि पहिला धडा झाला तो 'ळ'चा!

ही मुलं कोण, हे आधी सांगते, कारण मलाही तोवर धड माहीत नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिकडे गेलो होतो. माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे नोकरी करायला बंदी. (त्या वर्षांत अमेरिकेत राहिलेल्या मैत्रिणींना जास्त सांगायला नको. दुपारी दोन वाजता घरातलं घड्याळ किती मोठ्याने वाजतं, ते त्यांना माहीत आहे.) पगार नको असेल तर मात्र काम भरपूर होतं. निर्वासितांच्या मुलांना शाळेनंतर शिकवायला माणसं हवीत, अशी चिठ्ठी लायब्ररीत लावलेली दिसली. फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, "मुलं भूतानची आहेत." मी बुचकळ्यात पडले. भूतान म्हणजे तो आनंदाचं मोजमाप करणारा देश ना? तिथून कोण कशाला पळेल?

आठवड्यातून दोनदा, चार ते सहा. आठ-नऊ मुलं आणि शिकवायला तिघं जण: एक निवृत्त शिक्षिका, एक कॉलेजातली मुलगी आणि मी. मुलांची आडनावं अधिकारी, दाहाल, राई, तमांग अशी. काहींच्या कपाळावर दसऱ्यानंतरही कितीतरी दिवस टिळ्याची लाली. सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी. सगळ्यांची म्हणजे अगदी सगळ्यांची नव्हे, पण नऊपैकी पाच जणांची तरी. छावणीच्या कागदावर नुसतं साल असेल तर पुढच्या कागदावर १ जानेवारी लागते. 'ळ'ला अडलेला माझा विद्यार्थीही त्यातलाच. त्याचं नाव इथे लिहीत नाही. नेपाळीत धाकट्या भावाला 'भाइ' म्हणतात, मीही त्याला भाइच म्हणायची, तेच पुढे चालवते.

गणितात भाइ माझ्यापेक्षा तयार होता. त्याची अडचण वेगळीच. तिकडच्या शाळेत पदावली सोडवायचं सूत्र 'पेमडास', आणि हा 'बोडमास'वर वाढलेला. बाईंनी वहीत लाल खूण केली की हा हिरमुसायचा. मी त्याला आमचं 'कंचेभागुबेव' सांगितलं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. तिन्हींनी उत्तर एकच येतं, हे पटल्यावर गडी खूश. पुढे कितीतरी दिवस तो लायब्ररीत शिरताना 'कंचेभागुबेव!' असं ओरडायचा आणि लायब्ररीयनबाई चमकून बघायच्या.

मग एक दिवस त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मला वेगळीच अक्षरं दिसली. देवनागरी नाही, इंग्रजी नाही. तिबेटी वळणाची, वर रेघ आणि खाली लोंबणाऱ्या शेपट्या.

"हे काय?"

"झोंगखा," तो म्हणाला. "शाळेत तास असायचा."

"कुठल्या शाळेत? भूतानच्या?"

"नाही मिस, बेलडांगीच्या."

झोंगखा ही भूतानची राष्ट्रभाषा. बेलडांगी ही नेपाळच्या झापा जिल्ह्यातली निर्वासितांची छावणी. भाइ तिथेच १९९४ साली जन्मला आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये तिथूनच विमानतळावर गेला. भूतान त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. ज्या देशाने त्याच्या आईबापांना हाकललं, त्या देशाची भाषा तो बांबूच्या झोपडीत, तिसऱ्याच देशात बसून शिकत होता. मी त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाक न करता कॉम्प्युटरपुढे बसले, आणि मग लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागले.

जे कळलं ते असं. नेपाळी बोलणारे शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण भूतानच्या उतारांवर येऊन वसले. रान तोडलं, शेती केली, संत्र्याच्या आणि वेलदोड्याच्या बागा लावल्या. सारा थिंफूच्या सरकारला भरला. त्यांना 'ल्होत्शाम्पा' म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळालं. त्यांची मुलं शाळेत नेपाळी शिकत, काही जण सरकारी नोकरीतही शिरले. तीसेक वर्षं बरी गेली.

मग हवा पालटली. त्याचं कारणही प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर गोष्ट खलनायकाची होऊन बसते. शेजारच्या सिक्कीमचं राजघराणं १९७५ मध्ये गेलं आणि सिक्कीम भारतात विलीन झालं. तिथली बहुसंख्य प्रजा नेपाळी भाषक होती. दार्जिलिंगमध्ये १९८६ पासून गोरखालँडचं आंदोलन पेटलं. सहा-सात लाखांच्या चिमुकल्या देशाच्या राज्यकर्त्यांना धडकी भरली, आता पाळी आपली. भीती समजू शकते. पण त्या भीतीपोटी त्यांनी जे केलं त्याला माफी नाही, असं माझं मत आहे.

१९८५ चा नवा नागरिकत्व कायदा म्हणाला, ३१ डिसेंबर १९५८ ला किंवा त्याआधी तुम्ही भूतानमध्ये राहत होता हे दाखवा. १९८८ मध्ये जनगणना सुरू झाली, आणि ती मुख्यतः दक्षिणेत. सगळ्यांना एफ-वन ते एफ-सेव्हन अशा सात खणांत टाकलं. एफ-वन म्हणजे अस्सल भूतानी, एफ-सेव्हन म्हणजे उपरे. मधल्या खणांत परत आलेले, गणनेच्या वेळी हजर नसलेले, परक्या बाईशी लग्न केलेल्यांची बायको, दत्तक मुलं... एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या खणांत पडली. पुरावा म्हणून मागत होते १९५८ ची साऱ्याची पावती.

भाइचे आजोबा मला हे सांगताना नेहमी एक प्लास्टिकची पिशवी काढायचे. नेपाळीत आजोबांना 'बाजे' म्हणतात. ते मला 'नानी' म्हणायचे. मी तेव्हा चौतिशीची, आणि सत्तरीकडे झुकलेले आजोबा मला नानी म्हणतात म्हणून आधी गंमत वाटली होती. नेपाळीत नानी म्हणजे बाळ, पोर. तर त्या पिशवीत त्यांच्या वडिलांच्या नावच्या दोन पावत्या होत्या. एक १९५६ ची, एक १९५९ ची. ५८ ची नव्हती. "मधल्या वर्षी आम्ही कुठे गेलो होतो, असं साहेबांना वाटलं?" बाजे विचारायचे. मला विचारल्यासारखं नाही, पिशवीला विचारल्यासारखं.

टेकनाथ रिजाल हे राजाच्या सल्लागार मंडळावर होते. त्यांनी १९८८ मध्ये या गणनेबद्दल राजाकडे अर्ज केला. परिणाम काय, तर ते पदावरून गेले, नेपाळमध्ये पळून गेले, १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथून त्यांना पकडून भूतानमध्ये नेलं आणि सुटका झाली ती १९९९ च्या डिसेंबरमध्ये. त्याच १९८९ मध्ये 'एक राष्ट्र, एक जनता' धोरणाखाली उत्तरेकडचा पोशाख सगळ्यांना सक्तीचा झाला आणि दक्षिणेतल्या शाळांतून नेपाळी विषय काढून टाकला. १९९० च्या सप्टेंबरमध्ये मोर्चे निघाले. मग अटका, मारहाण, बलात्कार, घरांची नासधूस. दक्षिणेतल्या कितीतरी शाळा बंद झाल्या, काहींत सैनिक राहायला आले. मुलाला शाळेत घालायचं तर पोलिसांचा दाखला लागायचा, आणि ज्याच्या नात्यातलं कुणी मोर्चाला गेलं त्याला तो मिळायचा नाही.

शाळेपासून सुरुवात होते, हे लक्षात घ्या. आधी पुस्तक जातं, मग वर्ग, मग घर.

लोक निघाले. जाताना अनेकांकडून 'आम्ही स्वखुशीने देश सोडत आहोत' अशा कागदावर सह्या घेतल्या, आणि सही करताना कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावलं, असं कितीतरी जणांनी सांगितलं आहे. बाजेही हसले होते म्हणे.

भूतान आणि नेपाळ यांची हद्द एकमेकांना लागत नाही. मध्ये आपण आहोत. बंगाल, आसामात ही माणसं थांबू पाहत होती, पण आपल्या पोलिसांनी त्यांना ट्रकमध्ये भरून नेपाळच्या सीमेवर, मेची नदीकडे सोडलं. पुढे सतरा वर्षं दिल्लीचं उत्तर एकच: हा भूतान आणि नेपाळ यांचा आपसातला प्रश्न आहे. २००७ च्या मेमध्ये हजारो निर्वासित मेचीच्या पुलावरून पायी भूतानकडे परत निघाले तेव्हा आपल्याच सुरक्षा दलांनी त्यांना अडवलं, आणि त्यात जीवही गेला. हे वाचताना मी लायब्ररीत मान वर केली तर समोर भाइ मुकाट्याने अपूर्णांक सोडवत होता. त्याला मी 'इंडियाची मिस' म्हणून आवडायचे. हिंदी सिनेमाची गाणी आम्हाला दोघांना येत होती ना!

१९९१ मध्ये हे लोक झापामधल्या माई नदीच्या काठी प्लास्टिकखाली राहत होते. गोवर, जुलाब, उपासमार. लहान मुलं रोज दगावत. आणि त्या अवस्थेत, काठावरच्या झाडांखाली, शाळा सुरू झाली. कुणी सांगितलं म्हणून नाही. पळून आलेल्या माणसांत शिक्षक होते, कॉलेजची मुलं होती. त्यांनी पोरांना गोळा केलं आणि मातीत अक्षरं काढायला लावली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेने सात छावण्या बांधल्या, बेलडांगीच्या तीन आणि तिमाई, गोल्डहाप, खुदुनाबारी, सनिश्चरे. शाळांची जबाबदारी कारितास नेपाळ या संस्थेने घेतली. बांबूच्या भिंती, गवताचं छप्पर. एका काळी या शाळांत चाळीस हजारांच्या आसपास मुलं होती आणि शिकवणारे जवळजवळ सगळे निर्वासितच, किरकोळ मानधनावर.

अभ्यासक्रम कुठला घ्यायचा? नेपाळमध्ये राहता, तर नेपाळचा घ्या, असं कुणीही म्हटलं असतं. पण नेपाळचा घेतला म्हणजे आम्ही नेपाळी, हे कबूल केल्यासारखं. थिंफूला तेच तर हवं होतं. म्हणून त्यांनी धरला भूतानचा अभ्यासक्रम. माध्यम इंग्रजी, कारण भूतानमध्येही तेच. नेपाळी हा एक विषय. आणि झोंगखा हाही एक विषय. परत गेल्यावर पोरं मागे पडायला नकोत ना!

भाइला मी विचारलं होतं, झोंगखाचा तास आवडायचा का? तो म्हणाला, "कंटाळा यायचा. सर म्हणायचे, लागेल."

असो, इथे मला आमच्या कोल्हापूरकडे वळलंच पाहिजे, आत्या वाचत असेल तर तिला हे हवंच आहे. :-) वळिवडे! दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियात पाठवलेले पोलिश लोक तिथून सुटले, इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यातले सुमारे पाच हजार वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. आमची आजी त्या गोऱ्या बायकांना कोल्हापूरच्या मंडईत भाजी घेताना पाहिल्याचं सांगायची. तिच्या बोलण्यात त्यांचे केस, त्यांचे झगे सगळं यायचं, शाळा मात्र कधी आली नाही. पण तिथे प्राथमिक शाळा होत्या, वरची शाळा होती, स्काउटची पथकं होती. पोलिश शिक्षक, पोलिश भाषा, पोलंडचा इतिहास, पोलंडचा भूगोल. कारण युद्ध संपलं की परत जायचं होतं. युद्ध संपलं, आणि त्यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. ज्या पोलंडचा भूगोल ती मुलं पंचगंगेच्या काठी घोकत होती, तो नकाशाच राहिला नाही. फार थोडे परत गेले. बाकीचे इंग्लंड आणि कुठे कुठे. रिकाम्या झालेल्या बराकीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्याचं आज गांधीनगर झालं आहे. आपण तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

बेलडांगी आणि वळिवडे यांत खूप फरक आहे, मान्य. पण दोन्हीकडचा शिक्षक रोज सकाळी फळ्यापुढे उभा राहून एकच हिशोब करत होता, या पोरांना कुठल्या देशासाठी तयार करू? आणि दोन्हीकडे तो हिशोब चुकला.

बेलडांगीचा कसा चुकला ते थोडक्यात सांगते. नेपाळ-भूतानच्या चर्चेच्या पंधराएक फेऱ्या झाल्या. २००१ मध्ये अखेर पडताळणी सुरू झाली, एकट्या खुदुनाबारी छावणीची. बारा हजारांवर माणसं. निकाल २००३ च्या जूनमध्ये लागला. खरोखर हाकलले गेलेले भूतानी किती? अडीच टक्के. जवळजवळ सत्तर टक्के 'स्वखुशीने गेलेले'. म्हणजे तो हसरा फोटो आणि ती सही तिथे कामाला आली. डिसेंबरमध्ये भूतानचे अधिकारी परतण्याच्या अटी सांगायला छावणीत आले तेव्हा लोकांनी दगड मारले. अधिकारी गेले ते गेलेच. त्या अडीच टक्क्यांतलाही कुणी परत गेला नाही. भाइच्या घरच्यांची तर पडताळणीच झाली नाही, बेलडांगीची पाळी कधी आलीच नाही.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने साठ हजार लोकांना घ्यायची तयारी दाखवली. छावण्यांत भांडणं झाली, मारामाऱ्या झाल्या: गेलो तर भूतानवरचा हक्क संपला, असं एक गट म्हणत होता. २००८ पासून विमानं भरून जायला लागली. आठ देशांनी मिळून एक लाख तेरा हजारांहून अधिक माणसं घेतली, त्यातली बहुसंख्य अमेरिकेने. सगळ्यात आधी कोण निघाले असतील? ज्यांना चांगलं इंग्रजी येत होतं ते. म्हणजे शिक्षक. भाइ सांगायचा, एका वर्षात त्यांचे गणिताचे तीन सर बदलले. झोंगखाचे सर नॉर्वेला गेले.

हे सगळं वाचून मला काय वाटलं असेल? खोटं कशाला बोलू. मला वाटलं, चला, आता तरी यांना बरोबर देशाचा धडा मिळतोय. आणि तो देणारी मी! माझ्या पुढ्यात फळा नव्हता, पण थाट तोच.

२०१२ मध्ये भाइ बारावीत होता आणि अचानक यायचा थांबला. चौकशी केली तर एका हॉटेलच्या धुलाई विभागात रात्रपाळीला लागला होता. शाळेचं नाव काढून टाकलं होतं. मी तणतणत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, सात माणसं, भिंतीवर पशुपतिनाथाचं कॅलेंडर. आईने चहा केला, मिरपूड घातलेला. मी चहा हातात धरून व्याख्यान दिलं: फक्त काही महिने राहिलेत, डिप्लोमा हातात येईल, मग कॉलेज, मग दोन वर्षांत चांगली नोकरी, थोडी कळ काढा. भाइ खाली बघत होता. त्याने मग एक कागद दाखवला. निर्वासितांना अमेरिकेत आणलं जातं ते विमानाचं तिकीट फुकट नसतं, ते कर्जाऊ असतं आणि काही महिन्यांनी हप्ते सुरू होतात. सात तिकिटं. त्यात बापाची पाठ गेलेली. मी तीन वर्षं या मुलाला शिकवत होते आणि मला हे माहीतच नव्हतं. कधी विचारलं नव्हतं. मला निबंधातली त्याची क्रियापदं माहीत होती.

बाजे कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "नानी, दोन वर्षं म्हणतेस. आम्हालाही सर दोन वर्षंच म्हणायचे."

मला काही बोलता आलं नाही. चहा संपवला आणि बसने घरी आले. रस्ताभर स्वतःचाच राग येत होता, आणि थोडासा त्यांचाही.

तरी मी जायची थांबले नाही, फक्त विद्यार्थी बदलला. भाइने पुढे आपला आपण अभ्यास करून बारावीच्या तोडीची परीक्षा दिली, माझा त्यात काडीचाही हात नाही. मी बसायला लागले बाजेंबरोबर. २०१४ मध्ये त्यांना पाच वर्षं होऊन नागरिकत्वाचा अर्ज करता येणार होता. तेव्हाच्या परीक्षेत शंभर प्रश्नांची यादी असायची, त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर हवेत. शिवाय एक इंग्रजी वाक्य वाचायचं, एक लिहायचं. बाजे लहानपणी दक्षिण भूतानात पंडिताकडे शिकलेले. भानुभक्तांचं नेपाळी रामायण तोंडपाठ, पण इंग्रजी एक अक्षर नाही. म्हणून मी सगळी उत्तरं देवनागरीत लिहून काढली. मोठ्या अक्षरात, वहीभर.

पुढच्या आठवड्यात बघते तर माझ्या वहीवर त्यांच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या. राज्याची राजधानी मी लिहिली होती 'हॅरिसबर्ग'. त्यांनी तो चंद्र खोडून 'ह्यारिसबर्ग' केलं होतं. नेपाळीत 'ॲ'चा उच्चार तसाच लिहितात, ब्याट, ब्याग, ह्याट. 'काँग्रेस' तसंच ठेवलं होतं, ते त्यांना ओळखीचं होतं. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ते रामायणाच्या चालीवर म्हणायचे. हसू नका, पाठ झालं.

अडले ते शपथेपाशी. नागरिक होताना परक्या राजाशी, राज्याशी असलेली सगळी निष्ठा सोडतो असं म्हणावं लागतं. मी अर्थ सांगितला. बाजेंनी दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "मी कशी सोडू? राजानेच आधी सोडलीय. माझ्याकडे आहे का ती, सोडायला?" आणि पिशवी मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिले. त्या दिवशी पुढचा अभ्यास झाला नाही.

दुसऱ्या प्रयत्नात ते पास झाले. २०१५ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो.

भाइ अधूनमधून फोन करतो. आता एका गोदामात सुपरवायझर आहे, लग्न झालं, एक मुलगी आहे. २०२५ च्या एप्रिलमधला फोन मात्र नेहमीसारखा नव्हता. तुम्ही वाचलं असेल, नसेल: त्या वर्षीच्या मार्चपासून अमेरिकेने काही भूतानी निर्वासितांना धरून भूतानला पाठवायला सुरुवात केली. ज्यांचं नागरिकत्व झालं नव्हतं आणि हातून काही गुन्हा घडला होता, असे. भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, सीमेवर आणून भारतात सोडलं. तिथून काही जण नेपाळमध्ये शिरले आणि नेपाळने त्यांना विनापरवाना आले म्हणून पकडलं. पस्तीसेक वर्षांनी तोच रस्ता, तोच मेचीचा काठ. त्यांतले काही जण तर छावणीतच जन्मलेले. भूतानच्या विमानतळावर उतरल्यावर तिथला अधिकारी झोंगखात काही बोलला असेल, तर त्यांना कळलं असेल का, असा एक वेडगळ विचार माझ्या मनात आला.

भाइकडे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आहे. घरातल्या सगळ्यांकडे आहे. तरी त्याने विचारलं, "मिस, ते बरोबर घेऊन फिरू का? की घरी ठेवू आणि झेरॉक्स खिशात ठेवू?"

मी म्हटलं, वकिलाला विचार. दुसरं काय सांगणार.

"विचारलं," तो म्हणाला. "बाजेंचं ऐकलं तर मूळ कागद घरात ठेवायचाच नाही. ते म्हणतात, घर मागे राहतं." मागून बाजेंच्या खोकण्याचा आवाज येत होता. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आता. त्यांनी स्वतःचं प्रमाणपत्र घडी घालून त्या जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं आहे, १९५६ आणि १९५९ च्या पावत्यांच्या मधोमध. दवाखान्यात जातानाही पिशवी बरोबर असते.